वारशाने आलेला भाडेकरू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वडिलांच्या पश्चात पुण्यातल्या पेठेतला वाडा किंवा गिरगावातली चाळ नावावर होते आणि तिच्यासोबत दोन पिढ्या नाममात्र भाड्यात राहणारा भाडेकरूही येतो. भाडे वेळेवर नाही, दुरुस्तीला सहकार्य नाही, बोलायला गेले की भांडण. अशा वेळी नातेवाईक आणि दलाल जे सल्ले देतात, ते ऐकून अनेक मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेतात. राज्यातल्या अशा जुन्या भाडेकरूंना सहसा लागू होतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

गैरसमज : ‘शब्द वडिलांनी दिला होता, मी नाही.’
वस्तुस्थिती : मालक बदलला तरी भाडेहक्क संपत नाही. वडिलांचे हक्क वारसाला मिळतात, तशी बंधनेही मिळतात. म्हणून पहिल्यांदा जुनी पावतीपुस्तके शोधा. स्थळप्रतीवर भाडेकरू म्हणून कोणाचे नाव आहे, भाडे किती, शेवटची पावती कोणत्या महिन्याची, यावर पुढचे बरेच काही ठरते. त्यानंतर आपण वारस असल्याचे भाडेकरूला लेखी कळवा. भावंडे सहमालक असतील, तर इतरांचा विरोध नसताना एकट्या सहमालकालाही दावा लावता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच हे स्पष्ट केले आहे.

गैरसमज : ‘मूळ भाडेकरू वारला की खोली मोकळी.’
वस्तुस्थिती : मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. असे कोणी नसेल तर वारसाकडे. त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय ठरवते.

गैरसमज : ‘बारा वर्षे राहिला, आता तोच मालक.’
वस्तुस्थिती : भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो, त्यामुळे नुसत्या दीर्घ वास्तव्याने मालकी मिळत नाही. भाडे घेऊन दिलेली प्रत्येक पावती हे नाते सिद्ध करते. पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्यही आहे.

गैरसमज : ‘भाडे घेणे बंद करा, थकबाकीवर काढता येईल.’
वस्तुस्थिती : होते नेमके उलट. आपण नाकारलेली मनीऑर्डर हा भाडेकरूच्या तयारीचाच पुरावा ठरतो. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सारी थकबाकी, १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा मिळत नाही.

गैरसमज : ‘पाणी तोडा, आपोआप जाईल.’
वस्तुस्थिती : पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडणे हा गुन्हा आहे. घरात म्हातारी माणसे, लहान मुले असतात. हा मार्ग कायद्याने तर चुकीचा आहेच, माणुसकीलाही धरून नाही.

गैरसमज : ‘जुने भाडे कधीच वाढत नाही.’
वस्तुस्थिती : १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये ते अवाजवी ठरवले. नव्या कायद्याने मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढीचा हक्क दिला. वाढ तुटपुंजी आहे, पण ती मागण्याचेही अनेकांना सुचत नाही.

गैरसमज : ‘त्याने घरात बदल केले, एवढे कारण पुरे.’
वस्तुस्थिती : लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम हे ताबा मागण्याचे कारण आहे. मात्र लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी काढलेली खिडकी किंवा बसवलेला एसी त्यात मोडत नाही. पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे ही खरी कारणे आहेत.

गैरसमज : ‘मला गरज आहे, एवढे सांगितले की झाले.’
वस्तुस्थिती : गरज खरी आणि वाजवी असल्याचे सिद्ध करावे लागते. ताबा दिल्याने भाडेकरूची आणि न दिल्याने मालकाची, यांपैकी कोणाची अडचण मोठी, हेही न्यायालय तोलते. ताबा मिळाल्यावर महिनाभरात स्वतः राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलीत, तर जागा परत द्यावी लागू शकते.

दाव्यांना वर्षानुवर्षे लागतात, म्हणून समझोत्याची वाट आधी धरावी. हक्क सोडण्यासाठी भाडेकरूला रक्कम देणे आता कायदेशीर आहे. पूर्वी चोरून दिली जाणारी पागडी या कायद्याने उजेडात आणली. वकिलाकडून मसुदा करून घ्या, रक्कम धनादेशाने द्या आणि ताबा घेतल्याची लेखी नोंद ठेवा. तोवर भाडे घ्या, पावती द्या आणि जे बोलायचे ते लेखी बोला.