गिअरची गाडी शिकावी की ऑटोमॅटिक?

१९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामानिमित्त चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला कोणी तयार होईना. मग वस्तीतल्याच एका बांधवाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर घोडा बिथरला, चाक बाजूच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकिगत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे.

वाहन हाकणे ही नीट शिकून घ्यायची विद्या आहे, ती अशी. आज आपली मुले, आणि विशेष आनंदाची गोष्ट म्हणजे मुलीसुद्धा, मोटार शिकायला जात आहेत. क्लासवाला विचारतो, गिअरची की ऑटोमॅटिक?

ऑटोमॅटिकला क्लचचे पेडल नसते. डावा पाय मोकळा, गिअर गाडी स्वतःच बदलते. २०१४ पासून स्वस्त गाड्यांतही ही सोय आली. शिकायला सोपी, चढावर बंद पडण्याची धास्ती नाही. पण पोटासाठी लायसन्स काढणाऱ्याने आधी गिअरचीच शिकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालवाहू छोटा हत्ती, शाळेची व्हॅन, भाड्याची टॅक्सी यांतल्या बहुतेक गाड्या अजून गिअरच्याच आहेत, आणि मालक जी चावी हातात देईल ती गाडी चालवावी लागते. गिअरवाल्याला ऑटोमॅटिक थोड्याच दिवसांत जमते. उलट जाणाऱ्याला क्लचपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

हलक्या मोटारीच्या लायसन्सवर आपल्याकडे दोन्ही गाड्या चालवता येतात. शिवाय ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की, याच लायसन्सवर एकूण ७,५०० किलोंपेक्षा कमी वजनाचे भाड्याचे वाहनही चालवता येते. टेम्पोवर जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. परमिट-बॅजचे नियम मात्र आर.टी.ओ.त विचारून घ्यावेत.

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो. पुष्कळदा क्लच तोच दाबत असतो आणि शिकणाऱ्याला वाटते, आपल्याला जमले! म्हणून चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक लावून, अर्ध्या क्लचवर ती मागे न सरकता उचलता येते का, हे शिकवणाऱ्याला पाय बाजूला घ्यायला सांगून पाहावे. फी भरलेली आहे, मागायला संकोच कशाला?

ज्यांचा डावा पाय पोलिओने किंवा संधिवाताने अधू आहे, त्यांना ऑटोमॅटिक ही मोठी सोय आहे. घरच्या गाडीपुरते शिकणाऱ्या गृहिणीनेही ती खुशाल निवडावी. त्यात कमीपणा नाही. विजेच्या गाड्यांना क्लच नसतो, म्हणून पुढे गिअर लागणारच नाही, असे काही मुले म्हणतात. तो काळ येईल तेव्हा येईल. सध्या नोकरीला जाताना नाक्यावर उभा असलेला टेम्पो गिअरचा आहे. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. त्या तीस दिवसांत सराव मात्र रोज हवा.