जखमी वन्यप्राणी दिसल्यास वाहनचालकांनी काय करावे?

खारघर, प्रतिनिधी : एका बाजूस पांडवकड्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडीलगतची कांदळवने आणि मधून जाणारा शीव-पनवेल महामार्ग, अशी खारघरची रचना आहे. पाणथळ भागातील सोनेरी कोल्हे रात्री भक्ष्याच्या शोधात वस्तीकडे येतात. रस्ता ओलांडताना त्यांना वाहनाची धडक बसण्याचा धोका असतो.

चौकशीचा ससेमिरा नको, म्हणून वाहनचालक थांबण्याचे टाळतात. मात्र, रस्त्यात पडून राहिलेला प्राणी दुसऱ्या वाहनाखाली चिरडला जातो. त्याला चुकविताना दुचाकीस्वाराच्याही जिवावर बेतू शकते.

अशा वेळी वाहन कडेला घेऊन इशारा दिवे लावावेत आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना ११२ वर कळवावे. रस्त्याची दिशा व जवळची ठळक खूण सांगितल्यास पथकाचा वेळ वाचतो. पथक येईपर्यंत गर्दी व प्रखर प्रकाश दूर ठेवावा.

प्राण्यास हात लावू नये. भेदरलेला कोल्हा चावा घेतो व त्यातून रेबीजचा संसर्ग होऊ शकतो. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे. अर्धवट शुद्धीतील प्राण्यास पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार असा प्राणी घरी ठेवता येत नाही. तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलिस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कोल्ह्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला असून, त्याला वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे.