स्थिर पत्ता, पण कागदावरच

आपली मुले-मुली नोकरीची वाट न पाहता संगणकावर स्वतःचा धंदा उभा करू लागली आहेत. माझ्या धाकट्या भावानेही नागपुरात इंदोऱ्याला बिले-पावत्यांची नोंद करून देण्याचे छोटे केंद्र काढले. चार संगणक, वस्तीतल्याच तीन मुली कामाला. काम देणाऱ्या कारखान्याची एकच अट होती. त्यांच्या संगणकाचे दार फक्त नोंदवलेल्या एका इंटरनेट पत्त्यालाच उघडेल. म्हणून भावाने दरमहा जादा पैसे भरून 'स्टॅटिक आयपी', म्हणजे न बदलणारा पत्ता घेतला. बिलावर तसे छापूनही येई.

एका सोमवारी दार उघडेना. इंटरनेट मात्र सुरळीत चालू होते, त्यामुळे इंटरनेट कंपनीचा माणूस फोनवर म्हणे, "आमच्याकडे काहीच बिघाड नाही." असे चार दिवस गेले. मजुरी नगावर, तेव्हा मुलींच्या हाती त्या दिवसांचे काहीच पडेना. पत्त्यावरून दार बंद होणे आपल्या लोकांना नवे नाही, पण हा प्रकार निराळा होता.

शोध घेतल्यावर कळले की कंपनीने दिलेला पत्ता खरोखरच स्थिर होता, पण आतला! चाळीतल्या खोलीचा क्रमांक कायम राहावा आणि चाळीचाच क्रमांक बदलावा, तसे झाले. बाहेरच्या जगाला दिसतो तो चाळीचा क्रमांक, आणि तो अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच. जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. तेव्हापासून कंपन्या एकेका पत्त्यामागे अनेकांना बसवतात. नव्या पद्धतीत पत्ते मुबलक आहेत, पण समोरच्याची यंत्रणाही ती मानणारी हवी. कारखान्याची नव्हती.

ही पारख घरी करता येते. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा जो पत्ता दिसतो, तो १०, १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल, तर तो आतला समजावा. पैसे भरण्याआधी 'पब्लिक स्टॅटिक आयपी' असे शब्द लेखी घ्यावेत. तक्रार केल्यास तिचा क्रमांक मागावा. दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांत तशी सोय आहे. घरी मुलांच्या अभ्यासाला मात्र याची काही गरज नाही, एजंट कितीही गळ्यात मारो.

कंपनी सोडली की तिने दिलेला पत्ताही जातो. म्हणून भावाने आता दोन निरनिराळ्या कंपन्यांचे पत्ते कारखान्याकडे नोंदवले आहेत. खर्च वाढला. त्या चार दिवसांची निम्मी मजुरी त्याने मुलींना पदरची दिली. कंपनीकडून भरपाई अजून यायची आहे.