ओल्डहॅमचे रेचे, डर्स्लीची इंजिने

दसरा-दिवाळीला कापसाच्या वेचणीला जोर येतो आणि अमरावती, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अकोला या पट्ट्यातली जिनिंग पुन्हा सुरू होतात. चार-पाच महिने राबायचे आणि मग पुढच्या हंगामापर्यंत गप्प बसायचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम. या कारखान्यांना यंत्रे पुरवणाऱ्या नामांकित कंपन्या एकेक करून मिटल्या, त्यांची यंत्रे मात्र चालत राहिली. माझ्या मते याचे श्रेय विलायती लोखंडापेक्षा इथल्या मिस्तऱ्यांना अधिक आहे. आणि ज्या साधेपणामुळे यंत्र टिकले, त्याच साधेपणाने ते घडवणाऱ्याचा धंदा आटवला.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला अचानक भाव आला. त्याच दशकात भुसावळहून बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे झाली. पाठोपाठ वाफेवरची जिनिंग उभी राहिली. एक वाफेचे इंजिन, लांबलचक शाफ्ट, त्यावरून उतरणारे चामडी पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याखाली एक रेचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र, अशी तेव्हाची मांडणी असे.

हे रेचे मॅकार्थी पद्धतीचे. अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने १८४०मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले, पण ती रुजली आपल्याकडे. चामड्याचा खरखरीत रोलर तंतू धरून ओढतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि हलती सुरी सरकी खाली पाडते. अमेरिकेने व्हिटनीचा करवती जिन उचलला. तो झपाट्याने काम करतो, पण तंतूला इजा करतो. रोलरचा रेचा सावकाश चालतो आणि धाग्याची लांबी राखतो. लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने असे रेचे घडवले आणि ते हिंदुस्थानभर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅट ही कापडधंद्याची यंत्रे करणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी मानली जाई.

रेच्याची चौकट बिडाची. झिजायचे ते रोलरचे चामडे, सुरीची धार आणि बेअरिंगे, आणि हे तिन्ही गावात बदलता येई. फिटर रोलरच्या खाचा पुन्हा पाडत, सुरीचा दाब हाताच्या अंदाजाने बसवत. हे काम पुस्तकातून येत नाही. दाब जास्त झाला तर चामडे जळते, कमी झाला तर सरकीला रुई चिकटून राहते. रुईच्या वासावरून आणि यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी ही माणसे आपल्या औद्योगिक इतिहासात कुठेच नोंदली गेली नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

इतके साधे यंत्र कोणालाही घडवता येते. देशी कारखान्यांनी दुहेरी रोलरचे रेचे काढले आणि नागपूर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. तिकडे लँकेशायरची गिरणीच बसत चालली होती. १९३१मध्ये प्लॅटसह अनेक यंत्र-कंपन्यांना एकत्र येऊन टेक्स्टाइल मशिनरी मेकर्स ही एकच कंपनी करावी लागली. पुढे नावे बदलली, मालक बदलले आणि १९८०च्या दशकात ओल्डहॅमचे काम थांबले.

शेतातल्या इंजिनांची गोष्टही याच वळणाची. इंग्लंडमधल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचे १९३०च्या सुमारास आलेले सीएस इंजिन मिनिटाला जेमतेम ६०० फेरे घेई. दोन जड चाके, हाताने फिरवायचे हँडल, एवढेच त्याचे वैभव. त्याची नक्कल राजकोटला सर्रास होऊ लागली. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपरने आणि १९४६पासून खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनेही हीच गरज भागवली. विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीवर इंजिनाचा धक-धक आवाज गावभर ऐकू येई. मग वीज आली, पाणी खाली गेले, पाणबुडी पंप आले. इंजिन मोडले नव्हते, त्याच्याकडचे काम संपले होते.

जुन्या यंत्राचे दीर्घायुष्य रुळांवरही दिसले. मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन तर मँचेस्टरला १९२१मध्ये बांधलेले. ते १९२३मध्ये रुळावर आले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली.

जुन्याचे कौतुक करताना एक गोष्ट दडवता येणार नाही. जुन्या जिनिंगमध्ये कापूस टोपल्यांतून वाहून आणावा लागे आणि ते काम बहुतेक बायका करत. हवेत सतत तंतू आणि धूळ. फेब्रुवारी २०००मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झाले. त्यातल्या एका भागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले आणि हवेने कापूस ओढणारे नळ सर्वत्र बसू लागले. मोठा पंखा नळातली हवा खेचतो, तिच्याबरोबर कापूस रेच्याकडे जातो, धूळ चक्रवाती भांड्यात वेगळी पडते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर याच तत्त्वावर चालतो, इथे तो इमारतीएवढा झाला आहे. बायकांच्या डोक्यावरची टोपली उतरली, हे मला कोणत्याही जुन्या यंत्राच्या दीर्घायुष्यापेक्षा मोलाचे वाटते.

मात्र आता मालक सुटा रेचा घेत नाही, ओढणीपासून गाठीपर्यंतचा सगळा प्लांट एकाच पुरवठादाराकडून घेतो. नियंत्रणाची पेटी बिघडली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत हंगामातले दिवस जातात. बाजारपेठेतल्या लेथवाल्याकडे त्यावर उपाय नाही. अमरावती-अकोल्याच्या आयटीआयंनी फिटरच्या शिक्षणात जिनिंग यंत्रांची दुरुस्ती घालावी आणि उरलेल्या म्हाताऱ्या मिस्तऱ्यांना तिथे मानाने बोलवावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शाफ्ट-पट्ट्यासह एक जुनी ओळ चालू स्थितीत जपावी. हे मी कळकळीने सुचवतो.

रेच्याचा गाभा अजून तोच आहे. रोलरच्या क्रोम चामड्याची भुकटी रुईत मिसळते, कामगारांच्या श्वासात जाते, हे लक्षात आल्यावर मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, रबर आणि सुती कापडाचा क्रोमविरहित रोलर काढला. चामडे गेले, पण सुरीला घासत सरकी सोडवणारी ती मॅकार्थीची जोडी सिरकॉटलाही बदलावी लागली नाही.