खुब्याच्या हाडाला ‘शॉकवेव्ह’चा आधार

जांघेत दुखणे, मांडी घालून बसताना कळ येणे, जिना चढताना पाय अवघडणे... तिशी-चाळिशीतील व्यक्ती अशा दुखण्याकडे ‘स्नायू आखडला असेल’ असे म्हणून दुर्लक्ष करतात. सुरुवातीला क्ष-किरण छायाचित्रातही काही दिसत नाही. मात्र, यामागे खुब्याच्या हाडाचा तुटलेला रक्तपुरवठा हे कारण असू शकते. वैद्यकीय परिभाषेत या विकाराला ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ अर्थात ‘एव्हीएन’ म्हणतात. तो वेळीच ओळखला, तर शस्त्रक्रियेविना उपचाराचा एक पर्याय ‘शॉकवेव्ह’ पद्धतीने उपलब्ध करून दिला आहे.

हाड का मरते?

मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा माथा खुब्याच्या खोबणीत फिरतो. त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. त्या तुटल्या किंवा तुंबल्या, की हाडाच्या पेशी मरू लागतात. कमकुवत झालेला हा भाग शरीराच्या भाराखाली खचतो आणि सांधा झिजतो. खुब्याचे फ्रॅक्चर, सांधा निखळणे, मोठ्या मात्रेत वा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स आणि अतिमद्यपान ही याची प्रमुख कारणे. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही हा धोका असतो. काही रुग्णांमध्ये कोणतेच कारण सापडत नाही. कोविडमधून बरे झालेल्या व स्टिरॉइड्स घ्यावी लागलेल्या तीन रुग्णांतील ‘एव्हीएन’ची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात केली होती.

लहरी काय करतात?

शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे आघात करून मूतखडा फोडण्याचा उपचार जर्मनीतील म्युनिक येथे १९८० मध्ये प्रथम रुग्णावर झाला. त्याच तंत्राचा हा पुढचा अवतार. येथे मात्र हाड फोडायचे नसते, तर त्याला डिवचून जागे करायचे असते. या आघातांमुळे नव्या रक्तवाहिन्या व हाड तयार होण्यास चालना देणारे घटक स्रवतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. खुबा खोलवर असल्याने एका बिंदूवर एकवटणाऱ्या लहरींचेच यंत्र लागते. जांघेतील मोठी रक्तवाहिनी लहरींच्या मार्गात येणार नाही, याची दक्षता घेतली जाते. उपचारानंतर काही आठवडे कुबड्या वापरून पायावरील भार कमी ठेवावा लागतो.

तैवानमधील डॉ. चिंग-जेन वांग व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या पद्धतीची तुलना हाडाला छिद्र पाडून अस्थिरोपण करण्याच्या शस्त्रक्रियेशी केली. सुमारे दोन वर्षांनंतर शॉकवेव्ह दिलेल्या २९ खुब्यांपैकी ७९ टक्के, तर शस्त्रक्रिया केलेल्या २८ पैकी २९ टक्के खुब्यांत सुधारणा आढळली. हे आकडे आशादायक असले, तरी रुग्णसंख्या लहान होती, हे विसरता येणार नाही.

मर्यादा कोणत्या?

हाडाचा माथा खचण्यापूर्वीच, म्हणजे पहिल्या व दुसऱ्या टप्प्यातच या उपचाराचा खरा उपयोग. खचलेल्या माथ्याची गोलाई लहरींनी परत येत नाही. तेथे बहुधा कृत्रिम सांध्याचाच मार्ग उरतो. कृत्रिम सांध्यालाही आयुष्याची मर्यादा असते. त्यामुळे तरुण रुग्णाचा स्वतःचा सांधा जितकी वर्षे टिकेल तितका लाभच. गर्भवती, रक्त न गोठण्याचा विकार असलेले तसेच त्या जागी गाठ वा जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णांना हा उपचार दिला जात नाही.

जांघेतील दुखणे काही आठवडे टिकले आणि पूर्वी स्टिरॉइड्स घेतली असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. क्ष-किरण छायाचित्र निर्दोष असले, तरी ‘एमआरआय’बाबत विचारावे, कारण प्रारंभीचा ‘एव्हीएन’ त्यातच दिसतो. सुरू असलेली स्टिरॉइड्स मात्र भीतीपोटी परस्पर बंद करू नयेत. या विकारात औषधाइतकेच मोल वेळेला आहे.