पाचव्या शीलातील पळवाट

२०२२ च्या वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. पोलादपूर तालुक्यातील आमच्या गावच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशी वाचनाची पाळी माझ्याकडे होती. बाहेर पाऊस कोसळत होता, विहार भरलेला होता. वाचन संपले, पंचशीलावर मी वीसेक मिनिटे बोललो आणि सवयीप्रमाणे विहाराच्या मागच्या पत्र्याखाली जाऊन सिगारेट पेटवली. परत आलो तेव्हा सातवीतली एक मुलगी पुढे आली. म्हणाली, ‘‘काका, पाचव्या शीलात सिगारेट येत नाही का?’’

मी वकील आहे. उत्तर तयारच होते. मी तिला समजावले की, पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मद्य यांचा उल्लेख आहे, म्हणजे ज्याने शुद्ध हरपते अशा पेयांचा. तंबाखूने शुद्ध हरपत नाही. शिवाय बुद्धकाळी भारतात तंबाखू नव्हतीच. ती पोर्तुगीजांनी आणली.

मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग माझ्या आजीला मशेरी सोडायला का सांगता?’’

कोर्टात उलटतपासणीत साक्षीदार गप्प होतो, तसा मी गप्प झालो. कारण महिनाभरापूर्वी याच विहारात आम्ही कार्यकर्त्यांनी महिलांची सभा घेतली होती. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, गरोदरपणी लावली तर मूल कमी वजनाचे जन्मते, असे मीच ठासून सांगितले होते. सभा संपल्यावर आम्ही चार पुरुष बाहेर उभे राहून सिगारेट ओढत महिलांच्या अज्ञानावर चर्चा करीत होतो!

आज सिगारेट सुटली आहे. पण हा लेख ‘मी कसा जिंकलो’ हे सांगण्यासाठी नाही. चळवळीतल्या माणसाने वीस वर्षे स्वतःचीच कशी फसवणूक केली, हे सांगण्यासाठी आहे. माझ्यासारखे अनेक जण वाचकांतही असतील.

आमच्या घरात तंबाखू तीन पिढ्यांची. आजोबा मुंबईला गिरणीत होते. त्या पिढीत गिरणीच्या विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीने धागा बाटतो असा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. गावी दुकानदार बिडीचे बंडल वरून टाकायचा. चिलीम तर जातीबाहेर जातच नसे. अशा काळात चाळीच्या खोलीत दहा-बारा माणसे एका बिडीवर दोन-दोन झुरके मारीत. ज्याच्या थुंकीने धागा बाटतो, त्याच्या तोंडची बिडी दुसरा आपल्या ओठाला लावत होता. आजोबांच्या लेखी ती बिडी म्हणजे माणुसकी होती. हे मी नाकारत नाही. आपल्या बापजाद्यांच्या बिडीकडे तुच्छतेने पाहणाऱ्या उपदेशकांपैकी मी नाही.

पण त्याच बिडीने पुढे काय केले? वडील १९८२ च्या संपानंतर गावी परतले. हाताला काम नव्हते, बिडी मात्र होती. भूक लागली की बिडी, चिंता लागली की बिडी. शेवटची सहा वर्षे आमचे आबा अंगणातून ओटीपर्यंत एका दमात येऊ शकत नव्हते. रात्री उशीला टेकून बसून झोपत. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, ती पानाची असते, असा आपल्याकडे समज आहे. तो साफ खोटा आहे. बिडी वारंवार जोरात ओढावी लागते आणि तिच्यातून निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच पोटात जाते.

हे सारे डोळ्यांनी पाहूनही मी २००१ साली विधी महाविद्यालयात असताना सिगारेट धरली. वसतिगृहात वादविवाद रात्ररात्र चालत. मंडल, आरक्षण, रिपब्लिकन ऐक्य! सिगारेटशिवाय विचारवंत कसा शोभणार? गमतीची गोष्ट अशी की, त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालणारा आदेश दिला. धूम्रपान न करणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराने मरण का यावे, हा त्यातला प्रश्न होता आणि आधार होता घटनेच्या अनुच्छेद २१ चा, बाबासाहेबांनी शिल्पित केलेल्या घटनेतील जीविताच्या हक्काचा. त्या आदेशावर मी वर्गात सुंदर भाषण केले आणि बाहेर येऊन सिगारेट पेटवली.

पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान नाही, दंड दोनशे रुपयांपर्यंत. कलम ६ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांना विक्री नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून धूम्रपानबंदीचे नवे नियम देशभर लागू झाले. मी काय केले? कायद्याच्या व्याख्येत ‘मोकळी जागा’ वगळलेली आहे एवढे पाठ करून ठेवले. कोर्टाची इमारत कायद्यात येते, पण रस्त्यापलीकडची टपरी येत नाही. धम्मातही तीच पळवाट आणि कायद्यातही तीच. एका मित्राने तर विनयपिटकातून शोधून काढले होते की, आजारी भिक्खूला औषधी धूर घेण्यासाठी नळी वापरण्याची परवानगी बुद्धांनी दिली होती. आम्ही ते किती आनंदाने एकमेकांना सांगत होतो! औषधासाठी दिलेल्या सवलतीवर आम्ही विषाचा परवाना काढत होतो.

पाचव्या शीलाचा गाभा पेयांच्या यादीत नाही, तो ‘प्रमाद’ या शब्दात आहे. माणसाला बेसावध करणारे, स्वतःवरचा ताबा घालवणारे जे जे आहे, त्यापासून दूर राहणे म्हणजे ते शील. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. आता मी स्वतःलाच साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतो. अशिलाचा जामीन अर्ज पुकारला जाण्याच्या वेळी मी टपरीवर होतो, हे खरे की खोटे? खरे. आबांना रात्री धाप लागली तेव्हा आधी सिगारेट विझवून मग मी आत गेलो, खरे की खोटे? खरे. चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहताना मन अभिवादनात नव्हते, रांग सोडून बाहेर कसे जाता येईल यात होते. खरे. मग ताबा कोणाचा होता? दिवसाला दहा म्हटल्या तरी वीस वर्षांत ७० हजारांहून अधिक सिगारेटी होतात. एवढ्या वेळा ज्याने हुकूम पाळला, त्याला स्वतंत्र कसे म्हणायचे?

सोडण्याचे प्रयत्न केले नव्हते असे नाही. ६ डिसेंबरला संकल्प करायचा, तो ३१ ला मोडायचा. १४ एप्रिलला पुन्हा करायचा, तो मिरवणुकीतच मोडायचा. एकदा सिगारेट सोडली म्हणून तंबाखूची पुडी धरली, चुना मळू लागलो आणि सगळ्यांना सांगत सुटलो की मी धूम्रपान सोडले! २०१६ साली मात्र चाळीस दिवस झाले होते. २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. काठावर नातेवाईक दिवसरात्र बसून होते. आम्ही मदतीला गेलो. भिजलेल्या अवस्थेत कोणीतरी सिगारेट पुढे केली आणि मी घेतली. दुःखाचे निमित्त मिळाले की व्यसनाला आपोआप सहानुभूती मिळते. त्या चाळीस दिवसांचे पाणी झाले.

२०२२ ला त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी आजन्म वगैरे संकल्प केला नाही. वर्षावासाचे उरलेले दिवस, अश्विन पौर्णिमेपर्यंत ओढायची नाही, एवढेच ठरवले. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. डोके जड, झोप नाही, अशिलावर ओरडलो, घरात आदळआपट केली. नंतर कळले की निकोटीनची ओढ पहिल्या तीन-चार दिवसांत शिगेला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. हे कोणी आधी सांगितले असते तर पूर्वीच्या खेपा इतक्या लवकर सोडल्या नसत्या. सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मी फोन केला. वीस वर्षे लोकांना सल्ला देणाऱ्या माणसाने स्वतः सल्ला मागितला. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. डॉक्टरांना विचारून निकोटीनचे च्युइंगम काही आठवडे घेतले. टपरीचा रस्ता बदलला. चहा घरून थर्मासमध्ये नेऊ लागलो, कारण चहा आणि सिगारेट ही जोडी आधी फोडावी लागते.

आणि एक गोष्ट धम्मातून मिळाली. तल्लफ आली की तिच्याशी भांडायचे नाही, श्वासावर लक्ष ठेवून ती नुसती पाहायची. ती उठते, वाढते आणि काही मिनिटांत विरते. अनित्यतेवर मी कितीतरी भाषणे केली होती. चवदार तळ्याच्या कठड्याला टेकून एका सकाळी तल्लफ विरताना पाहिली, तेव्हा अनित्यता पहिल्यांदा समजली. मध्ये एका लग्नात पाय घसरला, एक ओढली. पण या वेळी ‘आता मोडलेच’ म्हणून पाकीट विकत घेतले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली. अश्विन पौर्णिमा आली आणि गेली. नंतर मोजणे सोडून दिले.

घरी आई अनेक वर्षे तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची. तो उग्र वास म्हणजे आमच्या घराची सकाळ. तिला मी कितीदा बोललो असेन! ती एवढेच म्हणायची, ‘‘तुझी पांढरी, माझी काळी. तुझी सुटली की माझी सुटेल.’’ माझी सुटल्यावर चार महिन्यांनी एका सकाळी तवा भाकरीलाच चढला. मी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही.

बांधवांनो, हा प्रश्न केवळ एकट्यादुकट्याच्या मनोनिग्रहाचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात सुमारे २७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. त्यात धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आतच, बाकी सारी मशेरी, मळलेली तंबाखू आणि गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटचा दर ४० टक्क्यांवर नेण्याचा आणि बिडीचा मात्र २८ वरून १८ वर आणण्याचा निर्णय घेतला. कारण सांगतात बिडी कामगारांचे. गरिबाच्या नावाने गरिबाचेच विष स्वस्त ठेवायचे, ही कोणती नीती? बिडी कामगाराला जगवायचे तर त्याला रास्त मजुरी आणि पर्यायी काम द्या. आपल्याला ‘जयभीम’ हे अभिवादन देणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. बिडी कामगारांचे संघटक होते, हे विसरू नका. बिडी वळणाऱ्या हातांची बाजू घेणे आणि बिडी ओढणाऱ्या छातीची काळजी करणे यांत विरोध नाही.

आपण महाडचे लोक आहोत. चवदार तळे सर्वांना खुले आहे, असा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावर राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तो जिवंत झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. त्याच मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे तुकडे सोडा असे सांगितले आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय सोडून दाखवली. ते सोडणे सोपे होते काय? उपाशी राहून सोडले! आपल्याला तर फक्त धूर सोडायचा आहे.

२० मार्च २०२७ रोजी सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. महाडला लाखो लोक येतील. कायदा मोकळ्या जागेला लागू होतो की नाही, हा वाद वकिलांनी कोर्टात घालावा. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्या तळ्याच्या काठावर आणि क्रांतिस्तंभाच्या परिसरात बिडी, सिगारेट, तंबाखूची एकही पुडी दिसणार नाही, एवढे आपण स्वतःहून ठरवावे. विहारातील सभेत महिलांना मशेरी सोडायला सांगणाऱ्याने आधी स्वतःचा खिसा रिकामा करावा. आणि ज्याची अजून सुटलेली नाही, त्याला हिणवू नये. व्यसनी माणूस अस्पृश्य नाही. त्याच्या शेजारी बसावे, पहिले तीन दिवस त्याचा राग सोसावा, तो पडला तर पुन्हा हात द्यावा.

ती मुलगी आता दहावीच्या पुढे गेली आहे. मध्यंतरी विहारात भेटली तेव्हा मी तिला सांगितले, ‘‘तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. येते. पाचव्या शीलात सिगारेट येते.’’

ती हसली. म्हणाली, ‘‘काका, मला माहीत होतं.’’

जयभीम!