पगार पोचला का?

पुण्यात बसून चार देशांतल्या माणसांचे पगार करणारी मी. आणि घरच्या बागेत नऊ सीझन राबलेल्या परदेशी माणसाचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं!

दर महिन्याची २५ तारीख आली की माझा फोन सायलेंटवर जातो आणि कॉफीचे मग वाढतात. मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. लोकांना वाटतं, एचआर म्हणजे रांगोळी स्पर्धा आणि बर्थडे केक. माझ्या वाट्याला मात्र परदेशातला पे-रोल आलाय. आमची माणसं चार देशांत बसलेली, आणि त्यातल्या तीन देशांत कंपनीचं साधं ऑफिसही नाही. मग पगार द्यायचा कसा?

त्याचाही एक फंडा आहे. ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात त्याला. तिकडची एखादी कंपनी आपल्या माणसाला कागदोपत्री स्वतःच्या नोकरीत घेते, तिथला टॅक्स कापते, तिथल्या कायद्याप्रमाणे सुट्ट्या देते, त्याच्या चलनात पगार खात्यावर टाकते आणि आपल्याला बिल पाठवते. वर स्वतःची फी! प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. फिलिपिन्समध्ये वर्षाला बारा नाही, तेरा पगार द्यावे लागतात. तेरावा २४ डिसेंबरच्या आत. १९७५ पासूनचा नियम आहे तो. एकदा मनिलातल्या एका मुलाचा पगार एक दिवस उशिरा पोचला, तर सकाळी नऊच्या आत मला अकरा मेल आले होते. बॉस, बॉसचा बॉस, सगळे सीसीमध्ये.

हे सगळं मी घरी कौतुकाने सांगायचे. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘‘काय गो, परदेशी माणूस ठेवायला एवढा खटाटोप? आपल्याकडे तर कधीपासून आहे.’’

मी हसायचे. पण बाबांचं खरं होतं.

आमच्या बागेतला परदेश

माझं घर रत्नागिरीचं, पावसच्या रस्त्याला. कातळावर हापूसची कलमं. रत्नागिरीत परदेशी माणूस म्हटलं की सगळ्यांना थिबा राजा आठवतो. १८८६ ते १९१६, तब्बल तीस वर्षं ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाच्या या राजाला इथे नजरकैदेत ठेवलं. पण आज आंब्याच्या सीझनमध्ये कुठल्याही बागेत शिरा, किंवा मिरकरवाडा बंदरात बोटीवर नजर टाका, परदेशी माणूस भेटणारच. नेपाळी! बोटींवर खलाशी, बागांमध्ये राखण करणारे, फवारणीवाले, आंबा उतरवणारे.

दसरा-दिवाळी आटोपली की ते येतात. मोहोराची फवारणी, मग फळ धरल्यावर माकडांची आणि चोरांची राखण, मग झेला घेऊन काढणी, पेट्या भरणं. पावसाचे ढग दिसायला लागले की परत. बरेचसे पश्चिम नेपाळातले. कैलाली, अछाम, डोटी या जिल्ह्यांतले. ना व्हिसा, ना वर्क परमिट. ३१ जुलै १९५० ला भारत-नेपाळ मैत्री करार झाला, त्यात दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायला, कामधंदा करायला मोकळीक दिली आहे. गंमत म्हणजे आपल्या पीएफच्या नियमांत परदेशी नागरिकासाठी ‘इंटरनॅशनल वर्कर’ अशी वेगळी कॅटेगरी केली, तेव्हाही नेपाळी माणसाला भारतीय कामगारच मानावं, असं याच कराराचा हवाला देऊन लिहिलं गेलं. हे मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शिकले. तेव्हासुद्धा घरची बाग डोळ्यांपुढे आली नाही!

आमच्याकडे २०११ पासून एक जण येतो. कैलालीचा. बाबांच्या लाल वहीत त्याचं एक पान असायचं आणि पानावर नाव: ‘बहादूर’. सगळ्या रत्नागिरीत नेपाळी माणसाचं नाव ‘बहादूर’ किंवा नुसतं ‘गुरखा’. तसाच तोही.

पगाराची पद्धतही सगळीकडे असते तीच. येताना थोडी उचल. महिन्याला किराणा आणि मोबाइलपुरती खर्ची. बाकीचा पगार बाबांकडे जमा. जूनमध्ये एकरकमी हिशेब. आठ महिन्यांचा पगार मालकाकडे! मनिलातल्या मुलाला हे सांगितलं असतं तर त्याने माझ्यावर केस टाकली असती.

मी एकदा बाबांना विचारलंही. ते म्हणाले, ‘‘हातात दिले तर खर्च होतात. त्यालाच नको असतात.’’ यात तथ्य आहे. खोपीत राहणारा माणूस हजारो रुपये ठेवणार कुठे? पण दुसरी बाजू बाबा बोलले नाहीत, ती मीच बोलते. पगार मालकाकडे अडकला असेल तर ऐन एप्रिलमध्ये माणूस दुसऱ्याच्या बागेत जात नाही. उचल घेऊन गायब झालेल्या माणसांचे किस्से बागायतदार सांगतात, आणि पैसे बुडवणाऱ्या मालकांचे किस्से नेपाळी सांगतात. भरवसा दोघांनाही पूर्ण नाही. म्हणून ती लाल वही.

आठ गड्ड्या

खरी अडचण हिशेब झाल्यानंतर सुरू होते. रत्नागिरीहून दिल्ली, दिल्लीहून बसने बनबसा, तिथून सीमा ओलांडून पुढे गाव. दोन-तीन दिवसांचा प्रवास, आणि वर्षभराची कमाई अंगावर.

त्यात नोटांचा घोळ. नेपाळात भारतीय रुपयाला ‘आयसी’ किंवा ‘भारु’ म्हणतात, आणि १९९३ पासून भाव पक्का आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. त्यामुळे लोक आपल्याच नोटा घरात साठवायचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी झाली. आपण इथे बँकेच्या रांगेत उभे राहिलो, वैतागलो, पण नोटा बदलून तरी घेतल्या. त्याच्या बायकोने ट्रंकेत ठेवलेल्या पाचशेच्या नोटांना रांगच नव्हती. नेपाळची मध्यवर्ती बँक आपल्या रिझर्व्ह बँकेकडे मागणी करत राहिली. ट्रंकेतल्या नोटा ट्रंकेतच राहिल्या. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा वापरायलाच बंदी घातली.

म्हणून जून २०१९ मध्ये बाबांनी त्याला ८० हजार रुपये शंभराच्या नोटांत दिले. ८०० नोटा, आठ गड्ड्या. आईने जुन्या चादरीचा पट्टा शिवून दिला, पोटाला बांधायला. बाबांनी वहीत लिहिलं, ‘हिशेब चुकता.’ त्याने अंगठा नाही, सही केली.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. वाटेत कुणीतरी चहा दिला, तो प्यायला, आणि जाग आली तेव्हा पट्टा नव्हता. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्याच कुणाचा मोबाइल मागून तो बोलत होता. बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिले. मग म्हणाले, ‘‘मी तर पैसे दिले होते.’’ थोड्या वेळाने पुन्हा तेच, ‘‘मी तर दिले होते गो.’’

खरंच दिले होते. ऑफिसच्या भाषेत तिकीट क्लोज्ड! पण आठ महिने राबून त्या घरात एक पैसाही पोचला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये तो परत आला. बाबांनी न मागता १५ हजार हातावर ठेवले. वहीत मात्र ते ‘उचल’ म्हणूनच लिहिले. मला ते खटकलं. बाबांनाही खटकलं असावं, कारण ते पान त्यांनी मला दाखवायचं टाळलं.

‘‘तुझं पूर्ण नाव काय रे?’’

मार्च २०२०. वर्क फ्रॉम होमची ऑर्डर आली आणि मी लॅपटॉप घेऊन रत्नागिरी गाठली. चार दिवसांत लॉकडाऊन. भारत बंद, नेपाळ बंद, सीमाही बंद. घरात रेंज नाही, म्हणून मी सड्यावर कलमाखाली खुर्ची टाकून चार देशांचा पे-रोल करत होते. पलीकडे तो पेट्या भरत होता. एकदा पाणी द्यायला आला आणि संकोचत म्हणाला, ‘‘ताई, तुम बाहर देश पैसा भेजता है ना? हमारा भी जाएगा क्या?’’

त्याच्या घरी धान्य संपत आलं होतं. आणि मी, पे-रोल एक्स्पर्ट, नऊ वर्षांत हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता!

शोधलं तर उत्तर तयारच होतं. रिझर्व्ह बँकेने मे २००८ मध्येच भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना सुरू केली होती. एनईएफटीची सोय असलेल्या बँक शाखेत जायचं. खातं नसलं तरी ५० हजारांपर्यंत रोख भरता येते. तिकडे नेपाळ एसबीआय बँकेत खातं असेल तर थेट जमा, नसेल तर मनी ट्रान्सफर एजन्सीच्या काउंटरवर नेपाळी रुपयांत रोख. म्हणजे आमच्या बहादूरच्या पहिल्या सीझनच्या आधीपासून ही सोय होती. आठ गड्ड्यांची गरजच नव्हती.

मास्क लावून आम्ही तिघं बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी योजनेचं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी मोबाइलवर सर्क्युलर दाखवलं. त्यांनी वरिष्ठांना फोन केला. मग म्हणाले, ‘‘ओळखीचा पुरावा? मालकाचं पत्र चालेल, फोटो लावून.’’

घरी येऊन बाबा पेन घेऊन बसले. ‘दाखला देण्यात येतो की...’ इथपर्यंत झरझर लिहिलं आणि थांबले. मान वर केली. ‘‘तुझं पूर्ण नाव काय रे?’’

नऊ सीझन! त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ‘नागरिकता’ काढली, नेपाळचं नागरिकत्वाचं कार्ड. बाबांनी एकेक अक्षर बघून लिहिलं. त्यात ‘बहादूर’ कुठेच नव्हतं.

पहिल्या खेपेला पैसे परत आले. चूक माझी. आपण जिथे ‘व’ म्हणतो तिथे नेपाळीत बऱ्याचदा ‘ब’ म्हणतात. बायकोच्या नावात मी इंग्रजीत ‘व्ही’ टाकला होता, तिच्या कार्डावर ‘बी’ होता. तिला धनगढीजवळच्या बाजारातून रिकाम्या हाताने परत जावं लागलं. लॉकडाऊनमध्ये, चालत. मनिलातल्या मुलाचं स्पेलिंग मी तीन वेळा तपासते; इथे एकदाही तपासलं नाही. दुसऱ्या खेपेला तपासलं. दोन दिवसांनी त्याचा फोन वाजला. तो पलीकडचं ऐकत होता आणि आमच्याकडे बघून नुसती मान हलवत होता. पोचले.

आजी तेव्हा होती. ती म्हणाली, ‘‘तुझे आजोबा परळच्या मिलमध्ये होते, तेव्हा मनीऑर्डर आली की मी अशीच करायचे.’’ कोकणची कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर उभी राहिली. तेव्हा वाट बघणारे आपण होतो. आता पाठवणारे झालो, एवढाच फरक.

हे तुमच्याही बिल्डिंगमध्ये आहे

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आंब्याची बाग? पण सोसायटीचा वॉचमन, ऑफिसखालचा मोमोवाला, हॉटेलच्या किचनमधला पोऱ्या... यातला कुणी नेपाळचा असेल तर एवढं करा. त्याला विचारा, घरी पैसे कसे पाठवतोस? हातोहात किंवा हुंडीवाल्याकडून पाठवत असेल तर या योजनेबद्दल सांगा. ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात. रोख भरायची मर्यादा ५० हजार आणि वर्षाला बारा वेळा अशीच ठेवली गेली. चार्जेस बँकेत विचारून घ्या. नावाचं स्पेलिंग दोन्ही कार्डांवरून जुळवा. आणि सोसायटीच्या लेटरहेडवर फोटोसकट दाखला द्या. आपल्याला पाच मिनिटं लागतात.

आमच्या बागेतली पद्धत थोडी बदलली. आता दर महिन्याला निम्मा पगार घरी जातो, निम्मा जूनला. बाबा अजूनही कुरकुरतात, ‘‘एप्रिलमध्ये सोडून गेला तर?’’ अजून तरी गेलेला नाही. पूर्ण पगार महिन्याला द्यावा, यावर आमचं भांडण चालूच आहे. त्यात मी जिंकेन असं आईला वाटतं. ते १५ हजार बाबांनी खोडले. बाजूला काही लिहिलं नाही, नुसती एक रेघ.

वहीच्या पानावर आता त्याचं नाव आहे. ते इथे छापत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. पण बँकेच्या फॉर्मवर ते बरोबर लिहिलंय. ‘बी’ने.